सोलापुरात डिसेंबरचं ॲस्परॅगस

सोलापूरकडचा पाऊस सुरू होतो जूनमध्ये, पण खरा पडतो सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टात नुसती भुरभुर, आणि मग परतीच्या वाटेवर तो असा कोसळतो की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काळ्या रानात पाय घालवत नाही. ॲस्परॅगस डिसेंबरात काढायचं तर नेमकं याच दिवसांत त्याचं पाणी तोडायच्या तयारीला लागावं लागतं. या उन्हाच्या मुलखात पॉलिहाऊस कशाला, असं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. ते थंडीसाठी नाही, पावसासाठी आहे.

ज्यांनी हे पीक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाजारात मिळतात ते या झाडाचे कोवळे कोंब. जमिनीखाली गड्डा असतो आणि त्याला पेन्सिलीच्या जाडीच्या मांसल मुळांचा झुबका. गड्ड्यावरच्या डोळ्यांतून कोंब सुटतो. वीतभर, फार तर सव्वा वीत झाला की कापायचा. नाही कापला तर टोक उलगडतं, फांद्या फुटतात आणि काही आठवड्यांत बारीक मऊ पालवी छातीएवढी उभी राहते. ही पालवी उन्हात अन्न तयार करते, ते उतरून मुळांत साठतं आणि पुढचे कोंब त्या साठ्यावर येतात. म्हणजे मुळं ही कणगी. पालवीने भरायची आणि कोंबांनी उपसायची. खत, पाणी, पॉलिहाऊस, पडदे, आम्ही जे काही करतो ते सगळं कणगी कधी भरायची आणि कधी उघडायची, एवढ्यासाठी.

थंड देशांत हा निर्णय निसर्गच घेतो. हिवाळ्यात पालवी मरते, गड्डा झोपतो, वसंतात माती तापली की कोंब निघतात. एप्रिल ते जून हा तिथला हंगाम. जपानातले काही शेतकरी थंडी खाल्लेले गड्डे शेतातून उपटतात, ग्रीनहाऊसमधल्या गरम वाफ्यांत दाटीने मांडतात आणि ऐन हिवाळ्यात कोंब काढतात. एकदा साठा संपला की ते गड्डे टाकून देतात. याच्या अगदी उलट पेरू देश. तिथल्या किनारी वाळवंटात ना कडाक्याची थंडी, ना पाऊस. तिथे पाणी हीच किल्ली. ड्रीप बंद केलं की झाड झोपतं, चालू केलं की उठतं, आणि वर्षातून दोनदा काढणी घेता येते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, सोलापूर निम्मं पेरूच आहे. ऊन आहे, कोरडी हवा आहे, ड्रीप तर घराघरात आहे. अडचण फक्त सप्टेंबरच्या पावसाची.

आमची शेती मोहोळ तालुक्यात. डाळिंबाची बाग होती, ती तेल्यात गेली. त्या रोगाबद्दल जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मागे दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस होतं, त्यात ढोबळी मिरची व्हायची. तिचे बेड थकले होते आणि मला तिथे वर्षानुवर्षं टिकणारं काहीतरी हवं होतं. ॲस्परॅगसचा एकदा बसलेला बेड नीट सांभाळला तर बरीच वर्षं चालतो. ही गोष्ट मनात भरली.

घरात मात्र हे गळी उतरवणं सोपं नव्हतं. वर्षभर काही काढायचं नाही, आणि काढायच्या आधी हिरवंगार झाड वाळवायचं, हे कोणाला पटणार? मी आप्पांना पेरूची पद्धत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बहारच धरायचा की. एवढं परदेशी काय त्यात?"

खरंच तेच होतं. डाळिंबाला पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी, खत आणि मग पहिलं पाणी. पावसाळा सरताना पाणी तोडून धरतात तो हस्त बहार, आणि त्याचा ताण, म्हणजे झाडाला दिलेली तहान, पाऊस मोडतो, हेही इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. माझं ॲस्परॅगस म्हणजे छपराखाली धरलेला हस्त बहार. आप्पांच्या त्या एका वाक्याने माझं निम्मं काम झालं. पुढे ताण किती द्यायचा, कुठे थांबायचं, यात त्यांची नजर माझ्या वाचनापेक्षा जास्त कामी आली.

बेड तयार करायला फार वेळ गेला, आणि तो गेला ते बरंच झालं. आमची माती काळी, चिकण, चुनखडीची. पाणी धरते, फुगते. ॲस्परॅगसच्या गड्ड्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, फ्युजेरियम बुरशीची मर लागते आणि एकदा लागली की औषधाने बेड परत मिळत नाही. म्हणून बारीक मुरूम, चांगलं कुजलेलं शेणखत आणि काळी माती मिसळून गुडघ्याखालपर्यंत उंच गादीवाफे केले, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतात मुरवून दिली. पॉलिहाऊसच्या चारी बाजूंनी खोल चर काढला. छप्पर वरचा पाऊस अडवतं, पण शेजारच्या रानातलं पाणी जमिनीखालून आत झिरपतं आणि ताण मोडतो. गटरचं पाणी पाइपाने शेततळ्यात नेलं.

बोअरचं पाणी आमच्याकडे खारट. मिरचीने त्यापायी फार त्रास काढला होता. भाजीपाल्यात क्षार सोसणाऱ्या पिकांत ॲस्परॅगस अगदी वरच्या रांगेत आहे. मातीच्या अर्काची ईसी, म्हणजे क्षारांचं माप, 4 च्या आसपास गेली तरी मोठं झाड तग धरतं, जिथे घेवडा कधीच मान टाकतो. मात्र रोप लहान असताना ही सहनशक्ती नसते. म्हणून पहिले काही महिने शेततळ्याचं पावसाचं पाणी दिलं, नंतर हळूहळू बोअरचं मिसळत गेलो.

बी रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये कोकोपीटात, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात टाकलं. उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात, मिरचीपेक्षा जास्त, तोवर ट्रे वाळू द्यायचे नाहीत. रोप दोऱ्यासारखं बारीक दिसतं आणि मनात शंका येते. पण खालची मुळं तेव्हाच जाड व्हायला लागलेली असतात. संकरित जात सर्व नर झाडांची घेतली तर बरं, कारण या पिकात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीचा जीव लाल फळांत खर्च होतो, शिवाय गळलेल्या बियांची रोपं बेडमध्ये तणासारखी माजतात. नराचे कोंब संख्येने जास्त. मला मिळालेल्या बियाण्यात दोन्ही निघाली, फळं दिसली की ती झाडं खुणेच्या दोऱ्याने बांधून ठेवली. ओळीत दीड फूट, दोन ओळींत पाच फूट. पालवी आडवी पडते म्हणून दोन्ही बाजूंना सुतळी.

पहिलं वर्ष नुसतं सांभाळायचं. कोंब दिसतात, सुंदर दिसतात, आणि कापायचे नसतात. प्रत्येक कोंब पालवी होऊ द्यायचा. छपराचा पहिला फायदा याच पावसाळ्यात कळला. या पिकाला उष्ण, दमट भागात खोडावरचा करपा फार छळतो, आणि तो पसरतो पावसाच्या शिंतोड्यांनी. पाऊस आतच नाही, तर शिंतोडे कुठले? ड्रीपने मुळांना पाणी आणि पालवी कोरडी. फुलकिडे मात्र आत येतात, त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क चालू ठेवावा लागतो.

आता ताणाबद्दल नीट सांगतो, कारण बिगरहंगामी काढणीचा सगळा जीव त्यातच आहे.

सप्टेंबर लागला की नत्र बंद करायचं आणि पालाश चालू ठेवायचं. नवी पालवी फुटत राहिली तर साठा खाली उतरत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून ड्रीपचा वेळ कमी करत जायचं आणि मध्यावर पूर्ण बंद. बाहेर तेव्हा पाऊस पडत असतो. छपरावर सरींचा आवाज आणि खाली बेडला भेगा, असं ते दृश्य असतं. पहिल्या आठवड्यात झाडाला काही कळल्याचंही दिसत नाही, मुळांतच पाणी असतं. दुसऱ्या आठवड्यात हिरव्यावरचा तजेला जातो. मग खालून वर पिवळं चढत येतं. या काळात एखादा नवा कोंब डोकावला की समजायचं, खाली अजून ओल आहे. मी तिथे हात घालून माती बघतो, बहुतेक वेळा चराकडच्या कडेला हे होतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या वेळी अगदी हळहळल्या. "दादा, लेकरागत वाढवलेलं झाड असं तहानलेलं ठेवताव व्हय?" त्यांना मी एक मूळ उकरून दाखवलं. पावसाळ्याच्या सुरुवातीचं मूळ दाबलं की पिचकतं, हे ताणातलं मूळ मात्र टणक, भरलेलं. त्यांनी ते दोन बोटांत दाबून पाहिलं आणि मग दुसऱ्या बायकांनाही दाखवलं.

बोटांवर भागत नाही म्हणून रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. नान्नजच्या एका द्राक्षवाल्या मित्राने दिला, द्राक्षाची गोडी बघायला प्रत्येक द्राक्षवाल्याकडे असतो तोच. न्यूझीलंडमध्ये ॲस्परॅगसचे शेतकरी मुळांच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, मोजून काढणीचे निर्णय घेतात, ती पद्धत मी उचलली. गड्ड्यापासून वीतभर बाजूला उकरायचं, जाड मुळाचा बोटभर तुकडा घ्यायचा, धुऊन पुसायचा, पक्कडीत दाबून दोन थेंब काचेवर. वेगवेगळ्या बेडमधून असे तुकडे घ्यायचे, एका झाडावरून निष्कर्ष काढायचा नाही. आकडा 20 च्या वर गेला की मी कणगी भरली असं धरतो. एक मात्र लक्षात ठेवायचं, ताणात मुळातलं पाणी कमी झाल्यानेही आकडा फुगतो. म्हणून आकड्यासोबत पालवीचा रंग बघायचा. पालवी हिरवी आणि आकडा मोठा, तर थांबायचं. पालवी गवताच्या रंगाची झाली आणि आकडाही टिकून आहे, तर विळा घ्यायचा. हिरवी पालवी घाईने कापणं म्हणजे खाली उतरायचं अन्न बाहेर फेकणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नोव्हेंबरात कापणी. जमिनीलगत कापून सगळी पालवी पॉलिहाऊसच्या बाहेर, लांब नेऊन टाकायची, कारण रोगाची बीजं त्या काड्यांवर राहतात. वर दोन बोटं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड, हलकी खुरपणी, आणि मग पहिलं पाणी भरपूर. बेड पूर्ण भिजेपर्यंत.

दहा-बारा दिवसांत माती ठिकठिकाणी वर उचलली जाते. बारीक तडा, मग त्यातून जांभळट टोक. सगळ्या बेडवर एकाच वेळी. वर्षभर नुसतं सांभाळलेलं झाड असं एकदम बोलायला लागलं की पॉलिहाऊसमधून पाय निघत नाही.

डिसेंबरात आमच्याकडे दिवसा तिशीच्या जवळ आणि रात्री पंधराच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. या पिकाला हे चालतं, पण गार रात्रींनी कोंब रेंगाळतात. त्यासाठी हीटर लागत नाही. संध्याकाळी ऊन कलायच्या आधी बाजूचे पडदे सोडायचे, म्हणजे दिवसभर तापलेली माती रात्री ऊब देते. सकाळी नऊनंतर उघडायचे, नाहीतर आत तापमान पस्तिशीकडे जातं आणि कोंबांची टोकं वेळेआधीच सुटतात. सुटलेल्या टोकाचा माल व्यापारी हातात धरत नाही. दुसरा आधार बोअरचा. थंडीत बोअरचं पाणी कोमट लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. ड्रीप मी पहाटे चालू करतो, ते कोमट पाणी मुळांशी जातं. शेततळ्याचं पाणी त्या वेळी बर्फासारखं असतं, ते या दिवसांत वापरत नाही.

काढणी उजाडताना. कोंब उन्हाच्या दिवसांत चार बोटं नि जास्तही वाढतो, म्हणून जानेवारीअखेर संध्याकाळीही फेरी मारावी लागते. धारदार सुरीने जमिनीच्या पातळीला कापायचं, शेजारच्या न दिसणाऱ्या कोंबाला सुरी लागू द्यायची नाही. हे मावशींनी माझ्यापेक्षा लवकर साधलं, डाव्या हाताच्या बोटाने आधी माती चाचपतात. कापलेला कोंब जिवंतच असतो. भाज्यांत याच्याइतका जोरात श्वास घेणारा माल थोडाच. उन्हात ठेवला की काही तासांत बुडखा दोरखंड होतो. म्हणून क्रेटमध्ये उभा, बुडाशी दोन बोटं स्वच्छ पाणी, आणि लगेच थंड खोलीत. आडवा ठेवला तर टोकं वर वळतात. कापल्यावरही त्याला वरच जायचं असतं. सकाळपर्यंत पेटीत सगळा माल वाकलेला. पहिला माल एका वाहतूकवाल्याने आडवा टाकून नेला आणि पुण्यात तो वाकडा म्हणून भाव पाडून घेतला गेला. तेव्हापासून पेट्या उभ्या उंचीच्या करून घेतल्या, आत बर्फाच्या बाटल्या, बाहेर मोठ्या अक्षरांत "उभी ठेवा".

माल रात्रीच्या गाडीने पुण्याला जातो, थोडा हैदराबादला. लग्नसराई, नाताळ, नववर्ष, हॉटेलांची मागणी तेव्हाच असते आणि एरवी ती परदेशातून विमानाने येणाऱ्या मालावर भागते. आदल्या दिवशी कापलेला कोंब तिथे पोचतो, हाच आमचा हक्काचा फायदा. पेन्सिलीपेक्षा बारीक आणि वाकडे कोंब विकायला जात नाहीत. ते घरी तव्यावर तेलात परततात, वरून शेंगाची चटणी, सोबत कडक भाकरी. आईला आता दुसरी भाजी सुचत नाही.

थांबायचं कधी, हे सगळ्यात अवघड. भाव चांगला असतो, कोंब येत असतात, आणि हात आवरावा लागतो. कोंब सरसकट बारीक पडले, टोकं आखूड उंचीवरच सुटू लागली आणि ब्रिक्स उतरला की कणगी तळाला गेली. फेब्रुवारीत मी प्रत्येक झाडाचे तीन ते पाच चांगले, बोटाएवढे जाड कोंब न कापता सोडतो. त्यांची पालवी होते आणि ती झाडाला पोसते, शेजारून येणारे नवे कोंब मात्र मार्चपर्यंत थोडे थोडे काढता येतात. तैवान, थायलंड या भागांत अशा मातृखोडांवर लांबलचक काढणी घेतात. आमच्या एप्रिल-मेच्या चाळिशीपलीकडच्या उन्हात तो मोह मी धरत नाही. तेव्हा वर शेडनेट, बारीक धुकं सोडणारे फॉगर सकाळ-दुपार, आणि झाडाला फक्त जगू द्यायचं. वळवाच्या वाऱ्याआधी छपराच्या दोऱ्या आणि क्लिपा तपासणं मात्र चुकवायचं नाही, छपराचा 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागदही त्या वाऱ्यात फाटतो.

यंदा पॉलिहाऊसचे दोन भाग केलेत, मधे ड्रीपचा वेगळा व्हॉल्व्ह. पूर्वेकडचा भाग नेहमीसारखा ऑक्टोबरात ताणावर घेतला, पश्चिमेकडचा नोव्हेंबरअखेरपर्यंत पालवीवर ठेवला. तिकडे ब्रिक्स अजून 17 दाखवतोय, त्यामुळे त्याचं पाणी आठवडाभर आणखी चालू राहील. दोन्ही भागांच्या मधल्या वाटेत प्लास्टिकचा आडवा कागद जमिनीत गाडायचा आहे, एकाचं पाणी दुसऱ्याच्या ताणात जाऊ नये म्हणून, आणि त्यासाठी आज चर खणायला माणसं आलीत.